शिंगणापूरचा चौथरा: बायका वर गेल्या त्या नेमक्या कशामुळे

मी नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसायला वेळ लागणार. शनिशिंगणापूरला लहानपणी दरवर्षी एकदा तरी जाणं व्हायचंच, आणि तिथलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते म्हणजे गार पाणी. पुरुषांनी आधी आंघोळ करायची, मग भगवा पंचा नेसून ओलेत्यानंच चौथऱ्यावर जायचं असा नियम. थंडीत दात वाजायचे. बायकांना चौथऱ्यावर जायला बंदी, म्हणून आई आणि ताई खाली उभ्या असायच्या, तेलाची बाटली आई माझ्या हातात द्यायची आणि सांगायची सगळ्यांच्या नावानं घाल. म्हणजे नवस तिचा, तेलाचे पैसे तिच्या पर्समधले, साडेसातीची काळजीही तिलाच, आणि वर जाणार कोण तर नऊ वर्षांचा मी, ज्याचं सगळं लक्ष बाहेरच्या उसाच्या रसावर. तेव्हा यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटलं नाही, आईलाही नाही, मला तर नाहीच.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे 2015-16 मध्ये या चौथऱ्यावरून जे रामायण झालं ते टीव्हीवर "धर्म विरुद्ध स्त्रिया" अशा दोन खोक्यांत बसवून दाखवलं गेलं. एका खोक्यात बायकांना वर जाऊ द्या म्हणणाऱ्या आंदोलक तृप्ती देसाई, दुसऱ्यात गंधवाले महाराज, मध्ये ओरडणारा अँकर. मी ते प्रकरण तेव्हाही फॉलो केलं आणि नंतरही बरंच उकरून वाचलं, आणि माझं मत असं झालंय की ते दोन खोक्यांत बसत नाही. बायका शेवटी वर गेल्या हे खरं, पण ज्या क्रमानं गेल्या तो क्रम बघितला की गंमत कळते. तेच इथे सविस्तर लिहितोय.

तर जागा आधी समजून घ्या. नेवासे तालुक्यातलं हे गाव. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, म्हणजे संस्कृत ज्यांना बंद होतं त्या बायाबापड्यांसाठी उघडी केली, ते नेवासं याच तालुक्याचं ठिकाण. शिंगणापुरात देऊळ असं नाहीच. उघड्यावर एक चौथरा, त्यावर साधारण साडेपाच फुटांची काळी शिळा, वर छप्पर नाही. घरांना दारं नाहीत म्हणून गाव फेमस, 2011 मध्ये तिथे युको बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा तर देशभर बातमी झाली होती. आख्यायिका अशी की पानसनाल्याच्या पुरात ही शिळा वाहून आली, गुराख्यांनी काठी टोचली तर रक्त आलं, मग ती काही केल्या कोणाला हलेना, शेवटी स्वप्नात दृष्टांत झाला की मामा-भाच्याच्या जोडीनं उचला, मग उचलली. मामा आणि भाचा. आता मामा-भाचा हे नातं जोडणारी जी मधली बाई असते, एकाची बहीण आणि दुसऱ्याची आई, तिचा गोष्टीत पत्ताच नाही, आणि हे मला पस्तिशीत आल्यावर सुचलं.

बायकांना वर का जाऊ देत नाहीत याची उत्तरं विचाराल त्याप्रमाणे बदलायची. कोणी म्हणायचं शनीची दृष्टी उग्र, गर्भाला बाधते. कोणी विटाळाचं सांगायचं पण जरा आवाज खाली करून. कोणी म्हणायचं ओलेत्यानं जावं लागतं, बायकांनी ओल्या कपड्यात चारचौघांत कसं जायचं, म्हणजे बघा हं, बंदी बाईच्याच लाजेसाठी. आणि सगळ्यात शेवटी हुकमी एक्का, चारशे वर्षांची परंपरा. एका नियमाला चार वेगवेगळी कारणं लागतात तेव्हा मला तरी वाटतं की नियम आधी आलाय आणि कारणं मागून गोळा केलीत.

याला विरोध 2016 मध्ये पहिल्यांदा झाला असं समजू नका. 2000 च्या आसपास अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू वगैरे मंडळींनी यावर आंदोलन केलं होतं, प्रकरण कोर्टातही गेलं. तेव्हा गावोगावी एकच प्रश्न विचारला जायचा, हे लोक देव मानत नाहीत मग यांना चौथऱ्यावर कशाला चढायचंय. आमच्या घरातही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि खरं सांगायचं तर त्याला चटकन देता येईल असं उत्तर कोणाकडे नव्हतं. हक्काचं उत्तर होतं, घटनेचं होतं, पण शनिवारी रुईच्या पानांचा हार घेऊन लाइनीत उभ्या असलेल्या बाईला ते आपलं वाटत नव्हतं.

मग 28 नोव्हेंबर 2015, शनिवार. एक तरुण बाई गर्दीतून पायऱ्या चढून चौथऱ्यावर गेली, शिळेला तेल घातलं, नमस्कार केला आणि खाली उतरून निघून गेली. बस. मोर्चा नाही, बॅनर नाही, बाइट नाही. सीसीटीव्हीत दिसलं म्हणून कळलं. त्यानंतर जे झालं ते मात्र जोरात झालं, सुरक्षा कर्मचारी निलंबित, गाव बंद, आणि शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धीकरण. मला या सगळ्या प्रकरणात ही बाई सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंधरा वर्षं जो प्रश्न अडवून धरत होता, की देव न मानणाऱ्यांना कशाला जायचंय, तो तिनं एका मिनिटात निकालात काढला, कारण ती गेली ती भक्त म्हणून गेली. तिला भेदभाव सिद्ध करायचा नव्हता, तेल घालायचं होतं. आणि त्या दुधाच्या अभिषेकानं उरलंसुरलं काम केलं, कारण "विटाळ नाही हो, फक्त परंपरा" असं जे म्हणायचे त्यांनीच सगळ्यांसमोर धुवून काढून दाखवलं की अडचण नक्की कशाची आहे. शुद्धीकरणाची बातमी आली नसती तर पुढचं आंदोलन एवढं पेटलं असतं का, मला शंका आहे.

पुण्याच्या भूमाता रणरागिणी ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यात उतरल्या त्या इथून पुढे. त्यांची भाषाही बघा, "आम्ही भक्त आहोत, आम्हाला पूजा करायचीय", हातात तेल आणि पूजेचं ताट. जुन्या चळवळीतल्या काही लोकांना हे पटलं नव्हतं, की अहो शनीला घाबरणं सोडवायचं सोडून तुम्ही बायकांसाठी शनीला घाबरायचा समान हक्क मागताय. तात्त्विकदृष्ट्या मुद्दा बिनतोड आहे, पण रस्त्यावर चालला तो दुसराच.

2016 च्या जानेवारीत अजून एक गोष्ट झाली जी बाहेरच्यांना फारच चक्रावून गेली. देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर दोन बायका आल्या आणि अनिता शेटे अध्यक्ष झाल्या, पहिल्या महिला अध्यक्ष. आणि त्यांनी काय केलं, तर परंपरा पाळली जाईल असंच सांगितलं. टीव्हीवाल्यांनी याचा अर्थ लगेच "बाईच बाईची शत्रू" असा काढला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, गावातल्या बाईला त्या मंडळावर बसायला मिळालं ते गावाच्या नियमांत राहून मिळालं, तिची ताकद गावकीतून येते, पुण्याहून आलेल्या गाड्यांतून येत नाही. विश्वस्त व्हायचं तर त्या गावचंच असावं लागायचं. अशा ठिकाणी पहिल्याच महिन्यात चारशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी प्रथा मोडायची अपेक्षा बाहेरून करणं सोपं आहे. आमच्या जिल्ह्यात सरपंचबाईंच्या नावानं कारभार करणारे नवरे पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही. खुर्चीवर बाई असणं आणि खुर्चीचा अधिकार बाईकडे असणं यात अंतर असतं, आणि त्यातही कदाचित शेटेंना खरंच मनापासून तसंच वाटत असेल, तोही हक्क आहेच की त्यांना.

26 जानेवारी 2016 ला देसाई शेकडो बायका घेऊन पुण्याहून निघाल्या. त्याआधी हेलिकॉप्टरमधून शिडीनं चौथऱ्यावर उतरू अशी घोषणा झालेली, त्यामुळे मीडियाला तर लॉटरीच. पण पोलिसांनी सुप्यालाच अडवलं, पारनेर तालुक्यात, शिंगणापूरपासून कितीतरी लांब. दिवस प्रजासत्ताकाचा, रस्त्यावर आडव्या झालेल्या बायका आणि उचलणाऱ्या महिला पोलीस. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री फडणवीसांचं ट्विट आलं, बायकांना पूजेचा हक्क आपल्या संस्कृतीत आहेच अशा अर्थाचं. बंदोबस्त त्यांच्याच गृहखात्याचा आणि ट्विटही त्यांचंच. राजकारणी माणसाला असं दोन्हीकडे उभं राहता येणं ही कलाच आहे, उपहास नाही करत, खरंच.

फेब्रुवारीत श्री श्री रविशंकर मध्यस्थीला आले. त्यांचा तोडगा असा की चौथऱ्यावर पुजाऱ्यांशिवाय कोणीच जायचं नाही, पुरुषही नाही आणि बायकाही नाही. इथे जरा थांबा, कारण सगळ्या प्रकरणाची चावी मला इथे दिसते. बायकांना आत घेण्यापेक्षा पुरुषांना बाहेर काढणं सोपं वाटलं. समानता तर समानता, घ्या, कोणीच नको.

तिकडे मुंबई हायकोर्टात विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक यांची जनहित याचिका चालू होती. विद्याताई म्हणजे मिळून साऱ्याजणी मासिकाच्या संपादक, आयुष्यभर बायकांच्या प्रश्नांवर काम केलेल्या, 2020 च्या जानेवारीत गेल्या. याचिकेत वापरलेला कायदा भारी आहे. महाराष्ट्रात 1956 चा एक कायदा आहे, हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेश देणारा. तो आला होता जातीसाठी. मागे काळारामाचा सत्याग्रह होता 1930 चा, बाबासाहेबांनी पाच वर्षं चालवलेला, आणि साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण होतं 1947 मधलं. कोणत्याही वर्गाच्या किंवा गटाच्या हिंदूला देवळात जाण्यापासून अडवता येणार नाही, अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, असं त्यात आहे. साठ वर्षं हा कायदा पुस्तकात होता आणि बायका म्हणजेही हिंदूंचा एक वर्ग आहे ना, असं कोणी धडपणे विचारलंच नव्हतं. 30 मार्च 2016 ला मुख्य न्यायमूर्ती वाघेला आणि न्यायमूर्ती सोनक यांच्यासमोर ते झालं, जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवणारा कायदा कुठला आहे असा सवाल कोर्टानं केला, आणि 1 एप्रिलला सरकारनं हा कायदा पाळू असं सांगितल्यावर तशी नोंद घेऊन याचिका निकाली निघाली. दलितांनी रक्त आटवून मिळवलेल्या हक्कातून बायकांचा हक्क निघाला, हे तेव्हाच्या चर्चेत जवळजवळ कोणीच बोललं नाही. शुद्धीकरण हा शब्द ज्यांच्यासाठी आधी वापरला गेला होता ते लोक कोण होते हे आठवा, म्हणजे धागा दिसेल.

पण वाक्य परत वाचा, "जिथे पुरुष जाऊ शकतो". फट इथेच होती. पुरुषालाच बंद केलं तर बाईवर अन्याय कुठला? 2 एप्रिलला देसाई कोर्टाचा आदेश घेऊन गेल्या तर प्रशासनानं नेमकं हेच सांगितलं, सध्या वर कोणालाच सोडत नाही. गावकऱ्यांनी वाट अडवली, त्यात गावातल्या बायका पुढे होत्या, धक्काबुक्की झाली, देसाई परतल्या. कोर्ट जिंकलेलं, सरकार बाजूने बोललेलं, तरी चौथरा बंद. त्र्यंबकेश्वरला त्याच दिवसांत हीच आयडिया निघाली, गाभाऱ्यात बायका येऊ नयेत म्हणून पुरुषांनाही बंदी.

आणि मग आला गुढीपाडवा, 8 एप्रिल. आता इथे नगरकडचं माहीत नसेल तर कळणार नाही. पाडव्याला कायगाव टोक्याहून, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते तिथून, गावातले पुरुष कावडीनं पाणी आणतात आणि शनीला घालतात. वर्षानुवर्षांचा मान. अनवाणी चालत येतात. त्या वर्षीही आले आणि समोर काय, तर बंदी, पुरुषांनाही. ज्या बंदीला काल-परवापर्यंत आपणच पाठिंबा दिला तीच आता आपल्या कावडीच्या आड. शंभरावर पुरुष कठडे ओलांडून चढले आणि पाणी घातलं. पोलीस बघत राहिले, सुप्याला अडीच महिन्यांपूर्वी जी तत्परता दिसली ती या दिवशी कुठे गेली ते विचारू नका.

झालं. पुरुष चढले म्हटल्यावर "कोणालाच नाही" ही ढाल गेली, मागे 1956 चा कायदा आणि हायकोर्टाचा ताजा आदेश उभा. विश्वस्तांनी त्याच दिवशी बैठक घेऊन जाहीर केलं की चौथरा सगळ्यांना खुला. दुपारी दोन बायका वर गेल्या, संध्याकाळी देसाई गेल्या, तेल घातलं, फोटो आले.

म्हणून मी म्हणतो क्रम बघा. आंदोलनानं दार ढकललं, कोर्टानं कडी सैल केली, पण दार उघडलं ते पुरुषांना स्वतःला बाहेर राहणं एक दिवस सहन झालं नाही म्हणून. आंदोलन कमी होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही, ते नसतं तर पुरुषांवर ती वेळच आली नसती. पण धर्मस्थळावर बाईला का अडवतात याचं उत्तर शनीच्या दृष्टीत शोधण्यापेक्षा त्या पाडव्याच्या सकाळी शोधा. आईनं चाळीस वर्षं खालून नमस्कार केला तो श्रद्धेचा भाग होता, आणि पुरुषांनी एक पाडवा खालून करायचा म्हटलं तर तो अपमान झाला. दोघांचा देव एकच होता.

हे फक्त हिंदूंचं आहे असं समजून कोणी खूश व्हायचं कारण नाही. मुंबईत हाजी अलीला त्याच वर्षी हेच चाललं होतं, आणि तिथे तर परंपरेचाही आधार नव्हता, 2011-12 पर्यंत बायका आत मजारीपर्यंत जात होत्या, मग ट्रस्टनं अचानक बंद केलं आणि सांगितलं की पुरुष संताच्या कबरीजवळ बाईनं जाणं इस्लाममध्ये पाप आहे. नूरजहाँ साफिया नियाझ आणि झकिया सोमण कोर्टात गेल्या, 26 ऑगस्ट 2016 ला हायकोर्टानं बंदी बेकायदा ठरवली, ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला पण तिथे स्वतःच तयार झाला, आणि 29 नोव्हेंबरला बायका आत गेल्या. आणि व्यवस्था काय केली माहितीये? पुरुष आणि बायका दोघांनाही मजारीपासून सारखंच लांब ठेवायचं. तिथल्या पुरुषांकडे कावड नव्हती, त्यामुळे ते खपलं.

त्र्यंबकेश्वरनं वेगळीच शक्कल काढली. बायकांनी यावं, पण सकाळी सहा ते सात एकच तास, आणि ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्रात. म्हणजे शिंगणापुरात जे ओलेतं बाईला शोभत नाही म्हणून बंदी होती तेच ओलेतं इथे अट म्हणून आलं. कोल्हापुरात अंबाबाईला, जिथे गाभाऱ्यात देवीच बाई आहे, तिथे 13 एप्रिलला देसाईंना मारहाण झाली आणि वाद कशावर, तर त्या साडीत नव्हत्या, पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. पायरीवरून भांडण संपलं की ते कपड्यांवर जातं. 2020 च्या डिसेंबरमध्ये शिर्डीत सभ्य कपडे घालून या असा बोर्ड लागला, देसाई तो काढायला निघाल्या आणि पोलिसांनी त्यांना कुठे अडवलं असेल? सुप्यालाच. त्या गावच्या लोकांना एव्हाना बंदोबस्ताचं टाइमटेबल पाठ झालं असणार.

याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या बाईनं काशीपासून कितीतरी देवळं बांधली, घाट बांधले, आणि आता जिल्ह्यालाच तिचं नाव आहे. अहिल्यादेवींनी बांधलेल्या देवळाचा गाभारा अहिल्यादेवींना बंद, असं कोणी म्हणायची हिंमत केली असती का कोणास ठाऊक.

8 एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही चालू होता. श्रीखंड-पुरी खाऊन सगळे जड झालेले. देसाई चौथऱ्यावर चढताना दाखवत होते, सारखं सारखं तेच, मागे घोषणा. मी आईकडे बघत होतो, मला वाटलं काहीतरी म्हणेल, डोळ्यात पाणी वगैरे येईल, निदान "बरं झालं" तरी. ती बराच वेळ बघत बसली. मी शेवटी विचारलं, आई, तुला जायचंय का वर? ती म्हणाली, "ते किती तेल सांडलंय बघ पायरीवर, कोणी पुसत नाही का रे? तू लहानपणी एकदा घसरला होतास तिथेच, ढोपर फुटलं होतं, आणि मला वर यायला येईना. खालून ओरडत होते मी."